पहिला पट जिंकण्यासाठी नसतो

सोयाबीन घरात आलं, कापसाची एखादी वेचणी उरकली आणि थंडी पडू लागली की कामरगावच्या पंचक्रोशीत शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या, गप्पा सुरू होतात. कोणाची जोडी कुठे पळाली, किती सेकंदांत पळाली, कोणी कोणता गोऱ्हा केवढ्याला घेतला, हे चहाच्या टपरीवर तासन्‌तास चालतं. दर हंगामात या गप्पांत काही नवे मालक येतात. त्यांचे गोऱ्हे घरच्या वावरात झकास पळतात, म्हणून ते थेट पटाला नाव नोंदवतात. पटावर मात्र तीच जोडी बिथरते. एक गोऱ्हा ओढतो आणि दुसरा अडून बसतो, किंवा दोघेही पट्टी सोडून गर्दीकडे वळतात. मालक नशिबाला बोल लावतो, धुरकऱ्याला शिव्या देतो आणि पुढच्या पटाला हातात काठी जाड घेतो. माझं म्हणणं असं की यात नशीब फार थोडं असतं. पहिल्या पटाची तयारी म्हणजे वेगाची तयारी, असा समज करून घेतल्यामुळे हे घडतं. वेग जनावराच्या अंगात असतो किंवा नसतो, तो वाढवण्याला मर्यादा आहेत. शांतपणा मात्र माणसाला घडवावा लागतो, आणि पहिल्या पटात कसोटी लागते ती शांतपणाची. म्हणून पहिला पट नंबर काढण्यासाठी खेळू नये. जोडीला पट म्हणजे काय हे कळावं आणि ती धडधाकट घरी यावी, एवढ्यासाठीच तिथे जावं.

यावर जुनी माणसं लगेच म्हणतील, आमच्या वेळी कोणी कुठे तयारी करत होतं? बैल गोठ्यातून सोडायचा, छकड्याला जुंपायचा आणि पळवायचा. आक्षेप खोटा नाही, पण अर्धवट आहे. त्या बैलांची तयारी वर्षभर होत होती, फक्त तिला कोणी तयारी म्हणत नव्हतं. आषाढ-श्रावणात डवऱ्याला चालणारा बैल पिकाच्या दोन तासांच्या मधून सरळ रेषेत चालायला शिकायचा. वखराला जुंपलेली जोडी एकमेकांच्या पावलाशी पाऊल जुळवायला शिकायची, कारण एकजण पुढे सरला की मानेवर जू घासतं, हे दोघांनाही कळायचं. कापसाची बंडी घेऊन कारंज्याच्या जिनिंगला गेलेला बैल भोंगा, मोटारी, हमाल, गर्दी, परकी माणसं आणि परके बैल, सगळं पाहून यायचा. लग्नाच्या वऱ्हाडाची दमणी ओढणाऱ्याला बँडबाजाची सवय असायची. पोळ्याला सगळ्या गावाच्या बैलांबरोबर तोरणाखाली उभं राहायची तर त्याला लहानपणापासून सवय होती. असा बैल पटाला आला की त्याच्यासाठी नवीन गोष्ट एकच उरायची, ती म्हणजे पळणं. आजचा पटाचा गोऱ्हा वेगळा आहे. शेतीची कामं ट्रॅक्टरने होतात, माल पिकअपने जातो. गोऱ्हा पटासाठीच घेतलेला असतो, त्याला सरकी ढेप, चणा, दूध, अंडी मिळतात, पण दिवसाचे बरेच तास तो दाव्याला बांधलेला असतो. त्याचं अंग भरलेलं असतं आणि अनुभव मात्र कोरा असतो. शेतीने जे फुकट शिकवलं ते आता मालकाने ठरवून शिकवावं लागतं. या लेखातला बाकीचा सगळा सल्ला याच एका गोष्टीतून निघतो.

यात आणखी एका खंडाची भर पडली. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने प्रदर्शनासाठी आणि खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. म्हणजे मध्ये जवळजवळ साडेसात वर्षं उघडपणे पट भरले नाहीत. बैलाच्या उमेदीच्या वयाच्या मानाने हा काळ फार मोठा आहे. जे बैल पटाला मुरलेले होते ते या काळात म्हातारे झाले. त्याहून मोठं नुकसान माणसांचं झालं. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा बापाच्या, काकाच्या मागे फिरून जे शिकतो, ते शिकण्याचं त्याचं वय या बंदीत निघून गेलं. आज पंचविशीत असलेल्या अनेक मालकांना पट मोबाइलवरच्या व्हिडिओतून कळला आहे. व्हिडिओत सुटण्याची आणि पोचण्याची दहा-पंधरा सेकंदं दिसतात. त्याआधीचे सहा महिने दिसत नाहीत.

बैल बिथरतो म्हणजे तो भित्रा असतो, हाही गैरसमज सोडला पाहिजे. बैलाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचा पट्टा सुटतो. पण दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा समोरचा भाग अरुंद असतो, म्हणून अंतराचा आणि खोलीचा अंदाज त्याला पटकन येत नाही. जमिनीवरची सावली, चुन्याची पांढरी रेघ, पडलेली दोरी किंवा फडफडणारी पताका त्याला खड्ड्यासारखी किंवा अडथळ्यासारखी भासू शकते, आणि ती नीट पाहायला त्याला मान खाली घालून थांबावं लागतं. आपण त्याला ‘अडला’ म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा पाहत असतो. त्याचे कानही आपल्याहून तिखट आहेत. माणसाला ऐकू न येणारे उंच पट्टीतले आवाज त्याला ऐकू येतात, त्यामुळे कर्ण्याची किरकिर आणि शिट्टी त्याला आपल्याहून जास्त बोचते. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांनी गुरांच्या हाताळणीचा आयुष्यभर अभ्यास केला. भेदरलेलं जनावर पुन्हा शांत व्हायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि भीतीची आठवण जनावर दीर्घकाळ जपतं, असं त्या सांगतात. याचा पटाच्या दृष्टीने अर्थ सरळ आहे. ओळीत उभं असताना भेदरलेली जोडी पाच मिनिटांनी सोडली, तर ती भेदरलेलीच पळणार. आणि पहिल्या पटावर बसलेली धास्ती दुसऱ्या, तिसऱ्या पटालाही तिच्याबरोबर जाणार. पहिला अनुभव बिघडला तर तो पुसायला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त मेहनत पडते.

हा विचार काही बैलांपुरता नाही. घोड्यांच्या उडीच्या स्पर्धांमध्ये तो कधीच नियमासारखा रुळला आहे. मुंबईत महालक्ष्मीला १९४२ पासून चालत आलेल्या अमॅच्युअर रायडर्स क्लबमुळे हा खेळ मराठी माणसाच्या नजरेआड नाही. लहान मुलं या खेळात तट्टावर बसून येतात, आणि तट्टू म्हणजे खांद्यापाशी १४८ सेंटिमीटरपर्यंत उंचीचं जनावर. पहिल्या स्पर्धेसाठी कोणताही जाणता शिक्षक मुलाला एकच सांगतो: घरी जेवढ्या उंचीवरून तट्टू सहज उडी मारतं, त्याहून खालच्या गटात नाव द्या. कारण मैदानावर रंगीत दांडे, परकी घोडी, भोंगा आणि गर्दी असते, आणि तट्टाचं निम्मं लक्ष त्यात जातं. दांडा पडला तर चार दंडगुण, तट्टू अडथळ्यापुढे अडलं तरी चार दंडगुण. अडणं पुन्हा झालं की गाडी बाद होण्याकडेच जाते. म्हणजे जोरापेक्षा बिनतक्रार जाण्याला तिथे जास्त भाव आहे. स्पर्धेआधी स्वार सगळा मार्ग स्वतःच्या पायांनी चालून पाहतो, पावलांनी अंतरं मोजतो, वळणं ठरवतो. आपल्याकडे मालक आणि धुरकरी पटावर पोचल्यावर आधी बक्षिसांचा फलक पाहतात, धावपट्टी नंतर. ही सवय उलटी केली तरी निम्मे अपघात टळतील, असं मला वाटतं.

तयारीची सुरुवात तोंड उघडून दात पाहण्यापासून करावी. अदात म्हणजे दुधाचे दात असलेला गोऱ्हा साधारण दोन-अडीच वर्षांच्या आतला असतो. त्यानंतर तो दोन दाती, तिसऱ्या वर्षाच्या आसपास चार दाती, मग सहा दाती होतो आणि साडेचार-पाच वर्षांत जुळतो. पायांची लांब हाडं टोकांशी पक्की व्हायलाही काही वर्षं जातात. दात हे या वाढीचं बाहेरून दिसणारं घड्याळ आहे. अदात गोऱ्ह्याला हलका छकडा दाखवणं, जुवाखाली उभं करणं, चालवणं ठीक. पूर्ण जोराने पळवून एकदम थांबवणं मात्र त्याच्या सांध्यांवर घाव घालण्यासारखं आहे. इथे आक्षेप येतो की शर्यतीचे घोडे तर दोन वर्षांचे असतानाच पळतात. पळतात, आणि त्या वयातल्या दुखापतींवरून जगभर वादही चालू आहे. पण घोड्यांच्याच उडीच्या खेळाने वेगळा निर्णय घेतला. ऑलिंपिकच्या उडीच्या स्पर्धेत घोडा निदान नऊ वर्षांचा असावा लागतो, कारण कौशल्य आणि शांत डोकं यायला वर्षं लागतात हे त्या खेळाने मान्य केलं आहे. गोऱ्ह्याला नऊ वर्षं थांबवा असं मी म्हणत नाही. चार दाती होईपर्यंत त्याला स्पर्धेच्या जोराने पळवू नये, एवढंच म्हणतो. एका हंगामाची घाई केली तर पुढचे पाच हंगाम जातात.

घरच्या सरावात पळवण्याला सगळ्यात शेवटचा नंबर द्यावा. पहिले काही आठवडे जोडी नुसती चालवावी. गावातून, डांबरी रस्त्याच्या कडेने, शाळा सुटण्याच्या वेळी, आठवडी बाजाराच्या बाजूने. शक्य असेल तर रोज एखाद-दोन तास हलकं शेतकाम द्यावं. त्याने पायाचे स्नायू आणि दम दोन्ही तयार होतात आणि जोडी एकमेकांना ओळखते. मग आवाज आणावा, तोही पायरीपायरीने. गोठ्यात बारीक आवाजात कर्णा लावावा, चारा टाकताना लावावा, म्हणजे आवाजाचा संबंध भीतीशी न जुळता चाऱ्याशी जुळतो. दोन-तीन दिवसांनी आवाज थोडा वाढवावा. जनावराने कान टवकारले, खाणं थांबवलं, शेपूट आपटली की आवाज कमी करावा. सवय लावणं आणि भीती घालणं यांत हाच फरक आहे. नव्या गोऱ्ह्याच्या जोडीला पहिल्यांदा नवाच गोऱ्हा जुंपू नये. पटाला मुरलेला, थंड डोक्याचा बैल शेजारी दिला तर नवा त्याच्याकडे पाहून शिकतो. ही रीत जुनीच आहे आणि आजही तिला तोड नाही. यानंतर सुटण्याच्या रेषेचा सराव. बहुतेक लोक जोडी रेषेवर आणली की लगेच सोडतात, त्यामुळे रेषा म्हणजे उधळणं हे समीकरण तिच्या डोक्यात पक्कं होतं, आणि पटावर थोडं थांबावं लागलं की ती आवरत नाही. दहा वेळा रेषेवर आणावी, नऊ वेळा उभी करून, पाठ थोपटून परत न्यावी, आणि एकदा सोडावी. सोडली तरी अर्ध्या अंतरापर्यंत. पूर्ण अंतराचा, पूर्ण जोराचा पल्ला आठवड्यातून एकदा झाला तरी पुरे. घरी नेहमीच घड्याळ लावून पळवणारा मालक जोडीपेक्षा स्वतःचं समाधान जास्त पाहतो.

खाण्याच्या बाबतीत नव्या मालकांच्या हातून सगळ्यात मोठा घोटाळा होतो, कारण प्रेम तिथेच ओसंडतं. बैल रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या मोठ्या पोटातले जिवाणू ज्या खाण्याला सरावलेले असतात तेच ते नीट पचवतात. पटाच्या आदल्या दिवशी ताकद यावी म्हणून पोतंभर ज्वारी, कणकेचे गोळे, गूळ किंवा ढेप एकदम वाढवली की पोटात आम्ल साचतं. चारा सुटतो, पोट फुगतं, जनावर सुस्तावतं आणि कधी दगावतंही. त्यामुळे खुराकातला कोणताही बदल दोन-तीन आठवड्यांत थोडाथोडा करावा, आणि पटाच्या आठवड्यात काहीही नवीन देऊ नये. कडबा, कुटार, हिरवा चारा हा खुराकाचा पाया, बाकी सगळं त्यावर. पळण्याआधी चार-पाच तास भरपेट देऊ नये, पाणी मात्र तोडू नये. लसीचा हिशोबही आधीच लागला पाहिजे. लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पी यांच्या लसी घेतल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पटाच्या तोंडावर लस टोचून उपयोग नाही आणि अंगात कणकण असताना पळवणं घातक आहे. २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवाव्या लागल्या होत्या. जिथे गावोगावचे बैल एकत्र येतात तिथे एक आजारी बैल शेकडो गोठ्यांत आजार पोचवतो. परत आल्यावर आपली जोडी निदान काही दिवस बाकीच्या गुरांपासून वेगळी बांधावी. खूर, मानेवरची जुवाची जागा, नाकातली वेसण आणि शेपटीचं मूळ रोज हाताने तपासावं. माशी बसलेली बारीक जखमही पळताना मोठी होते.

कामरगावहून पटाला जायचं म्हणजे कारंजा, मूर्तिजापूर, मंगरूळपीर अशा जवळच्या ठिकाणी, नाहीतर पटासाठी सगळ्या विदर्भात नाव असलेल्या तळेगाव दशासरसारख्या गावापर्यंत. प्रवास आलाच, आणि नव्या जोडीसाठी गाडीत चढणं हाही एक पटच असतो. पिकअपच्या पत्र्यावर खूर घसरतो, म्हणून खाली माती किंवा कुटाराचा जाड थर हवा. वेसणीला बांधून गाडी कधीही हलवू नये. एका ब्रेकला नाक फाटतं. कासरा गळ्याच्या दाव्याला आणि बेताच्या लांबीचा ठेवावा. पटाच्या दिवशी पहिल्यांदा गाडीत चढवलेली जोडी पोचेपर्यंतच थकते. आधीच्या पंधरवड्यात तीन-चार वेळा रिकाम्या फेऱ्या मारून तिला चढण्या-उतरण्याची सवय लावावी. दुपारच्या उन्हात निघू नये, पहाटे किंवा आदल्या संध्याकाळी पोचावं. हिवाळा सरत आला की आपल्याकडचं ऊन माघ-फाल्गुनात कडक होतं. बैल घोड्याइतका घाम गाळत नाही, त्याला धाप लागून अंग थंड करावं लागतं. त्यामुळे सावली, बादलीभर घरचं पाणी आणि नेहमीचा चारा बरोबर असणं ही चैन नसून गरज आहे.

पोचल्यावर पहिलं काम धावपट्टी पायांनी चालून पाहणं. आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, ढेकळं उठतात, आणि रोलर फिरवला तरी कडेला भुसभुशीत राहते. धुरकऱ्याने सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालावं, खूर फसेल अशी जागा लक्षात ठेवावी, आणि विशेषतः शेवटच्या रेषेपलीकडचा भाग पाहावा. जोडी पूर्ण जोरात असताना तिला हळू व्हायला पुरेशी मोकळी जागा हवी. बघ्यांची गर्दी नेमकी तिथे जमते, आणि अपघातही बरेचदा तिथेच होतात. ती जागा मोकळी नसेल तर आयोजकांना सांगावं. ऐकलं नाही तर जोडी परत न्यावी. हा निर्णय घेण्याची तयारी नसेल तर पटाला जाऊच नये. कायदाही आता मालकाच्या बाजूने उभा आहे. २०१७ च्या नियमांनुसार पट्टी १,००० मीटरपेक्षा लांब असता कामा नये, आयोजकाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि ५०,००० रुपयांची अनामत लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते. तपासणी म्हणजे कागदावरचा शिक्का नव्हे, आपल्या जोडीच्या भल्याची संधी आहे. पहिल्या पळीत धुरकऱ्याने जोडी हातात ठेवावी, नंबरासाठी न रेटता सरळ रेषेत पोचवावी. पोचल्यावर लगेच बांधू नये. धाप खाली येईपर्यंत सावलीत हळूहळू फिरवावं, पाणी थोडंथोडं द्यावं. घरी आराम करताना आपल्या बैलाचा श्वास मिनिटाला किती चालतो हे आधीच मोजून ठेवलेलं असेल, तर अर्ध्या तासात तो त्या आकड्याच्या जवळ आला की नाही ते कळतं. आला नाही तर त्या दिवशी दुसरी पळी नाही.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. तुतारी टोचल्याशिवाय बैल पळत नाही, बाकी सगळं पुस्तकी. पण आर लावलेली तुतारी, चाबूक, बॅटरीचा झटका, शेपूट पिरगळणं, दारू पाजणं किंवा औषध टोचणं हे सगळं कायद्याने बंद आहे, आणि कायदा मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब पटत नाही. टोचून पळवलेला बैल वेदनेपासून पळतो, रेषेकडे नाही. त्यामुळे तो ज्या बाजूने टोचलं त्याच्या उलट सरकतो, जोडी तिरकी होते आणि सेकंद जातात. औषधाने थकवा झाकतो तेव्हा शरीर थांबण्याची जी खूण देतं ती झाकली जाते, आणि बैल हृदय किंवा पाय गमावतो. हाकेला, कासऱ्याच्या हलक्या ओढीला आणि धुरकऱ्याच्या आवाजाला उत्तर देणारी जोडी घडवायला वेळ लागतो, पण तिच्यावर पुढच्या पटालाही भरवसा ठेवता येतो.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पहिल्याच पटात नंबर आला तर जोडीची किंमत एका दिवसात वाढते. कापसाच्या भावावर जगणाऱ्या माणसाला हा मोह कळण्यासारखा आहे. पण बाजारात किंमत एका पटाची होत नाही, सातत्याची होते. जाणता गिऱ्हाईक एकाच निकालावर पैसे मोजत नाही. तो चार पटांचे आकडे विचारतो, पाय चाचपतो, सुटण्याच्या रेषेवर जोडी कशी उभी राहते ते पाहतो. घाईत एकदा चमकलेली आणि पुढे लंगडणारी जोडी मालकाच्याच गळ्यात राहते.

तिसरा आक्षेप पटाच्या बाहेरून येतो: जनावराला आपल्या हौसेसाठी पळवणंच मुळात चूक आहे. या प्रश्नाला उत्तर देताना परंपरेची ढाल पुढे करू नये, असं माझं मत आहे. परंपरेत चांगलं होतं तसं वाईटही होतं, आणि २०१४ चा निकाल त्या वाईटाच्या पुराव्यांवरच उभा होता. माझं उत्तर एवढंच की ट्रॅक्टर आल्यापासून देशी गोऱ्हा पाळायला शेतकऱ्याकडे कारणं कमी उरली आहेत. वर्धेकडचा चपळ गवळाऊ असो की घाटावरून येणारा खिल्लार, पटामुळे त्यांना अजून मागणी आणि मान आहे. पण हे कारण तेव्हाच टिकतं जेव्हा बैल पटावरून धड परत येतो. पुढे पुन्हा कधी न्यायालयात प्रश्न गेला, तर पटाची बाजू वकिलांपेक्षा आपल्या गोठ्यातले बैल मांडतील. म्हणून नव्या मालकाची तयारी ही त्याची खासगी बाब राहत नाही.

तेव्हा यंदा जोडी उतरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. दात पाहा, चालवा, आवाजाची सवय लावा, रेषेवर थांबायला शिकवा, खुराक बदलू नका, धावपट्टी स्वतः चाला, आणि काही खटकलं तर न पळवता परत या. पहिल्या पटाहून जोडी दोन्ही वेळचा चारा खाणारी, चारही पायांवर सारखा भार देणारी आणि पुन्हा गाडीत आपणहून चढणारी परत आली, तर तो पट तुम्ही जिंकलात. बक्षीस दुसऱ्या कोणाच्या दारात गेलं तरी.